ओळींचे नंबर

समितीत त्याला सगळे कात्री म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण एकदा चिकटलं ते चिकटलंच. प्रोग्रामिंगची एक जुनी भाषा होती. गिरण्या, गोदामं, पाण्याचे पंप, जिथे म्हणून यंत्राला वेळच्या वेळी उघड, मिट, थांब, चाल म्हणून सांगायचं असतं, तिथे ती तीसबत्तीस वर्षं चालत आली होती. तिची नवी आवृत्ती निघायची असली की जुन्यातलं काय काढायचं ते कात्री ठरवायचा. आजवर त्याने अकरा गोष्टी काढल्या होत्या आणि एकीसाठीही कुणी रडलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. चांगल्या न्हाव्याला असतो तसा, की गिऱ्हाईक हसत उठलं आणि गालावर रक्ताचा ठिपका नाही.

बारावी गोष्ट म्हणजे ओळींचे नंबर.

जुन्या भाषेत प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. ‘जा ४१०’ असं लिहिलं की यंत्र सरळ चारशेदहाव्या ओळीवर उडी मारी. एवढंच नाही, तर समोरच्या माणसाने बटणं दाबून जो आकडा टाकला त्या ओळीवर जा, असंही सांगता येई. नव्या भाषेत नंबर राहणार नव्हते. प्रत्येक कामाला नाव द्यायचं आणि नावाने हाक मारायची. शहाण्या माणसाला पटेल असंच ते होतं.

काढण्याचा एक नियम होता, आणि तो कात्रीनेच घालून दिला होता. कुठलीही गोष्ट काढण्याआधी दोन वर्षं यंत्राने वॉर्निंग छापायची: हे लवकरच जाणार आहे, हरकत असेल तर समितीला पत्र लिहा. दोन वर्षांत पत्र आलं नाही तर खुशाल काढायचं.

“दोन वर्षं झाली,” प्राध्यापक म्हणाले. समितीचे ते अध्यक्ष. “पत्रं किती?”

चष्मेवालीने फाईल उलटी धरून झटकली. ती समितीतली सगळ्यांत लहान, पण टपालाचं काम तिच्याकडे. “शून्य. शिव्यांचं कार्डसुद्धा नाही.”

“मग मेलेल्याला कशाला विचारता, कुठे दुखतंय म्हणून?” बँकवाला म्हणाला. त्याचं अर्धं आयुष्य एका बँकेच्या संगणकखोलीत गेलं होतं आणि बाहेरच्या जगाबद्दल त्याचं मत काही चांगलं नव्हतं.

पत्र का नाही आलं, हे त्या खोलीत एकट्या कात्रीलाच ठाऊक होतं.

त्याची मोठी बहीण सूत रंगवण्याच्या कारखान्यात होती. तिथल्या रंगखात्यात एक छोटा प्रिंटर होता. कुठल्या टाकीत कुठला रंग चाललाय त्याची चिठ्ठी तो छापी. वॉर्निंग सुरू झाली तेव्हा एकेका चिठ्ठीबरोबर हातभर कागद बाहेर पडायला लागला. ताईने भावाला बोलावलं. “तुझं हे यंत्र दिवसभर बडबडतंय रे. माझ्या चिठ्ठ्या सापडत नाहीत.” कात्री हसला होता आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत त्याने ‘गप्प’ एवढाच एक शब्द घातला होता. वॉर्निंग बंद. ताई म्हणजे स्वभावाने अशी, की कळलेलं पोटात ठेवणार नाही. तिच्या हाताखाली शिकून दुसऱ्या कारखान्यांत गेलेल्या बायकांना तिने तो शब्द सांगितला, त्यांनी पुढे सांगितला. दोन वर्षं सगळीकडची यंत्रं गप्प होती, आणि समिती म्हणत होती, बघा, कुणाची हरकत नाही.

“एक रंगखातं आहे,” तो म्हणाला. “तिथे वापरतात.”

“पत्र?”

“येईल.”

“महिनाअखेरपर्यंत आलं तर वाचू,” प्राध्यापक म्हणाले. “नियम तुमचाच आहे, कात्री.”

रविवारी तो रंगखात्यात गेला. मशीनं बंद होती. ताई हातात ब्रश घेऊन चार नंबरच्या टाकीचा काठ घासत होती.

“जपून ये, फरशीवर साबण आहे.”

“ताई, नंबर काढतायत.”

“कोण काढतंय?”

“समिती.”

“समितीत कोण कोण आहे?”

तो फरशीवरच्या साबणाकडे बघायला लागला.

“मग ‘काढतोय’ म्हण. ‘काढतायत’ काय? शेजारच्यांचं सांगितल्यासारखं!”

ताई या खात्यात आली ती ओल्या सुताच्या लड्या उचलायला, अंगठा उठवून. आकडे ती शेडकार्डावरून, म्हणजे रंगछटांच्या तक्त्यावरून, शिकली. एकेका रंगाखाली त्याचा नंबर असे. अक्षरं फार उशिरा आली, चौतिसाव्या वर्षी, पाळी सुटल्यावर भरणाऱ्या वर्गात. टाक्यांवर पहिलं संगणकाचं खोकं बसलं तेव्हा इंजिनियर ते जोडून निघून गेला आणि कुणी त्याला हात लावेना. भावाने तिला जेवणाच्या टेबलावर बसवून भाषा शिकवली. अक्षरांना ती बिचकायची, पण या भाषेत प्रत्येक ओळ आकड्याने सुरू होत होती, आणि आकडे तर तिच्या घरचे होते. तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की शेडचा जो नंबर तोच ओळीचा नंबर. चारशेदहा हा गडद मरून. बाईने चारशेदहा टाकलं की यंत्र चारशेदहाव्या ओळीवर जाई, आणि वाफ किती, मीठ कधी, रंग कधी, सगळं तिथून पुढे. शेवटचं धुणं पाचशेसाठमध्ये आधीच नीट लिहिलेलं, म्हणून चारशेदहा तेवढ्यापुरता पाचशेसाठच्या पोटात शिरे. सव्वीस वर्षांत अशा अकराशे शेड झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाला तो कागदांचा गठ्ठा म्हणजे मुंग्यांचं वारूळ वाटलं असतं. ताईला त्यातली प्रत्येक मुंगी ओळखीची.

“मी तुला जेवताना किती वेळा सांगितलंय, नंबरांना हात लावू नकोस म्हणून.”

“तोंडी चालत नाही. पत्र लागतं.”

“माझं? अरे, चार ओळी लिहायला मला आठवडा लागतो.”

“तीन आठवडे आहेत.”

“म्हणजे बारा ओळी झाल्या की!” ती हसली. मग ब्रश खाली ठेवून म्हणाली, “नंबर गेले तर माझं काय राहतं इथे, ते तुला माहीत आहे ना?”

“म्हणून तर आलो.”

“काय लिहू?”

“जे खरं आहे ते सगळं लिही,” कात्री म्हणाला. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत असे.

पत्र वेळेत आलं. रेघी कागद, गोल गोल अक्षरं, प्रत्येक शब्द दाबून लिहिलेला. चष्मेवालीने ते उभं राहून वाचलं.

“समितीस नमस्कार. मी रंगखात्यात आहे. आमच्याकडे अकराशे शेड आहेत. शेडचा नंबर तोच ओळीचा नंबर. बाई नंबर टाकते, मशीन तिथे जाते. सव्वीस वर्षे असे चालले आहे. नंबर काढले तर सगळे पुन्हा लिहावे लागेल आणि मी एकसष्ट वर्षांची आहे. सगळे खरे लिहायला सांगितले आहे म्हणून लिहिते. एकदा चुकून ४१५ टाकले गेले. ४१५ अशी शेड नाही. मशीन थांबले नाही. आपणच पुढच्या ४२० वर गेले. ४२० ला उकळते पाणी आधी लागते. झाकण उघडे होते. एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. चूक बोटाची होती, मशीनची नाही. तरी नंबर ठेवावेत ही विनंती.”

या भाजलेल्या हाताबद्दल ताई कात्रीला कधी एक शब्द बोलली नव्हती.

“ठेवा,” चष्मेवाली एकदम म्हणाली. “त्या बाईने तीन आठवडे बसून लिहिलंय हे. नसलेला नंबर आला तर थांबायचं, एवढं बदलू आणि ठेवू.”

“ते होत नाही,” कात्री म्हणाला. खोटं त्याला बोलता आलं असतं, पण जीभ सवयीची गुलाम. “सहा वर्षांपूर्वी मी करून पाहिलंय. लोकांनी मधल्या ओळी खोडल्यात आणि त्या नंबरांवर उड्या अजून तशाच आहेत. सगळे पुढच्या ओळीच्या भरवशावर चालतात. थांबवलं तर निम्मी गोदामं बंद पडतात. ठेवायचं तर असंच ठेवावं लागेल.”

“मग हे पत्रच सांगतंय काढा म्हणून,” बँकवाला म्हणाला. “मी काढायच्या बाजूचा.”

“मीही,” प्राध्यापक म्हणाले. ते पत्राकडे बघत नव्हते. “दोन विरुद्ध एक. कात्री, तुम्ही ठेवा म्हणालात तर बरोबरी होईल. बरोबरी झाली तर जुनं राहतं. सांगा.”

कुठल्या तरी खात्यात उद्या कुणी तरी चुकीचा आकडा टाकणार होतं. तिथे झाकणाशी कोण उभं असेल, हे त्याला दिसत नव्हतं. ताई मात्र स्पष्ट दिसत होती, ब्रश खाली ठेवून विचारणारी. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्या बाजूने मत देणं सोपं होतं. त्याला ते जमलं नाही.

“काढा,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईने दार उघडलं ते विचारतच. “काय ठरलं?”

“काढायचं ठरलं.”

“तू काय म्हणालास?”

“काढा म्हणालो.”

ती आत गेली, नळ सोडला, भांडं धरलं. भांडं भरून वाहायला लागलं तरी तिचा हात तिथेच.

“भाजल्याच्या ओळीमुळे?”

“हो.”

“ती खोडायची का, म्हणून मी दोन दिवस विचार करत होते,” ताई म्हणाली. मग नळ बंद केला. “जेवून जा.”

कारखान्याने पुढच्या चार महिन्यांत नवी मशीनं बसवायचं ठरवलं. जुन्या खोक्यांचे भाग मिळेनात, आणि नव्यांना नवीच भाषा कळत होती. तेवढ्या वेळात ताईने सगळं नव्याने लिहून दिलं तर तिचा प्रोग्राम चालवू, असं मॅनेजर म्हणाला. मनाने वाईट नव्हता तो.

कात्री दर रविवारी यायला लागला. दोघं खात्यातल्या लाकडी टेबलाशी बसत.

“याचं नाव काय ठेवू?”

“गडद मरून.”

“गडद मरून चौदा आहेत. देवाने चौदा पोरं दिली आणि नावं विसरला, असं झालंय माझं.”

“मग नुसतं ‘शेड चारशेदहा’ ठेव.”

“एवढंच? मग माणसं इतकं मोठं तोंड करून नावं, नावं, का ओरडत होती?”

तेवढ्यावर दोघंही हसले. तेच शेवटचं हसणं. नावांचं कोडं नव्हतंच. खरं दुखणं पोटातलं होतं. चारशेदहा उपसून काढायला जावं तर पाचशेसाठ बरोबर येई, त्याला लटकलेला सहाशेतीस, त्याच्या शेपटाला आणखी वीस. एक सोडवावा तर तीस तुटत. कात्रीने रूपांतर करणारा प्रोग्राम लिहून पाहिला. साध्या उड्या त्याने बदलल्या, पण जिथे बाईच्या बोटावर उडी अवलंबून होती तिथे तो अडला. ताई चष्मा पुसून पुसून लिहीत होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दोनशेबारा शेड झाल्या होत्या. राहिलेल्यांचा आकडा दोघांपैकी कुणी उच्चारला नाही.

मग एका सोमवारी मॅनेजर एका माणसाला घेऊन आला. त्याच्याजवळ पेटी होती. पेटीसमोर सुताचा तुकडा धरला की ती रंग वाचायची आणि टाकीला काय किती द्यायचं ते स्वतःच लिहून काढायची, नव्या भाषेत.

“ताई, तुमचा त्रास वाचला,” मॅनेजर म्हणाला. मनापासून म्हणाला.

“एक शेड मी सांगते ती करून दाखवा,” ताई म्हणाली.

तिने एक हजार चव्वेचाळीस सांगितला. तो करडा होता. कुणाच्याही हातात तो हिरव्याकडे झुकायचा. ताईला तो सरळ करायला दोन वर्षं लागली होती. कात्रीला निरोप गेला तसा तो कचेरीतून रजा टाकून आला. टाकी चालू झाली, वाफ आली, पाणी उतरलं. तो भिंतीशी उभा राहून मनात एकच गोष्ट मागत होता, की हिरवा येऊ दे. आपण आयुष्यभर नेटक्या कामाची बाजू घेतली आणि आज बिघडण्याची वाट बघतोय, हे त्याला कळत होतं. तरी तो मागत होता.

लडी वाळवून ताईने ती उत्तरेच्या खिडकीत नेली. शेजारी जुना नमुना धरला. मान तिरकी केली, लडी पिळली, आतलं सूत उलगडून बघितलं. पेटीवाला घड्याळ बघत होता.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“ताई, थोडा हिरवा नाही वाटत?” कात्री म्हणाला.

“नाही.”

“मला वाटतोय.”

“तुला रंगातलं कधी काय कळलंय? बरोबर आहे म्हटलं ना.”

मॅनेजरने पेटी पसंत असल्याचा कागद पुढे केला. तिने सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. लडी कठड्यावर ठेवली आणि विचारलं, “मग मी उद्या यायचं का?”

“या की,” मॅनेजर म्हणाला. जरा गोंधळला, इकडेतिकडे पाहिलं. “कधीही या. बसायला या.”