मागं राहिलेली पात

सारिकानं घड्याळ सुरू केलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हिर्डोशीच्या देवळात पाच बायका पाच मोबाईल घेऊन बसल्या होत्या. समोर ठेवलेल्या भाताच्या रोगट पानाचा फोटो काढायचा, गावाचं नाव निवडायचं आणि पाठवायचं. एवढंच काम. कुणालाही मोबाईल सहज हाताळता यावा, हाच तिच्या संशोधनाचा विषय. चार वर्षं खपून तिनं हे ॲप बनवलं होतं. आज तिघींनी तरी पाच मिनिटांत पाठवलं, तर प्रबंध पुरा आणि विद्यापीठातली नोकरी पक्की. मात्र तिनं एका शब्दानंही मदत करायची नव्हती.

"ही पोरगी रुसली का काय?" मंगलनं विचारलं.

"परीक्षा हाय. परीक्षेत मास्तरीण बोलत न्हाई," पारूबाई म्हणाल्या. त्या साठीनंतर अक्षरं शिकल्या होत्या. परीक्षेचा त्यांना भारी मान.

बायका खुदखुदल्या. भराभर फोटो निघाले. आणि मग सगळं थांबलं. तीन मिनिटं झाली. चार झाली. चौघी नुसत्या मोबाईल मांडीवर घेऊन बसलेल्या. सारिकानं वही उघडली आणि न बघताच पाच फुल्या मारल्या.

घड्याळ वाजलं.

"कुठं अडलं, आजी?" तिनं कसंबसं विचारलं.

"आमचं कुठं अडलंय?" पारूबाईंनी मोबाईल पुढं केला. गाव निवडलेलं, खाली 'पाठवा'. मंगलचंही तसंच. बाकी दोघींचंही.

"मग पाठवलं का नाही?"

"आगं, सगुणाबाईचं व्हायचंय की! भाताच्या लावणीत एकीची पात, तिच्या वाट्याची वळ, मागं ऱ्हायली, तर बाकीच्या निघून जात्यात व्हय?"

टोकाला बसलेल्या सगुणाबाई अजून गाव शोधत होत्या. "पोरी, समदा तालुका पालथा घातला म्या. आमचं गाव पार तळाला घातलंस की गं!"

सारिकानं वाकून गावांची ती लांबलचक यादी पाहिली. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. तिनं घड्याळ पिशवीत टाकलं.

"सावकाश होऊ द्या, सगुणाबाई."

थोड्या वेळानं पाचही मोबाईल एकदमच वाजले.

"पास का गं आमी?" मंगलनं विचारलं.

सारिका फुल्या खोडत होती. "तुम्ही पास. पाच मिनिटांत एकही फोटो आला नाही, गावांची यादीही माझीच चुकली; मलाच पुन्हा बसावं लागणार. अजून एक वर्ष तरी."

पारूबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"बस की. आमी हितंच हाय. तुजी पात यीस्तवर थांबतो."