न चोरलेलं शिलाई मशीन

खरं सांगते, ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! शपथ घेऊ नका असं प्रभूने सांगितलंय, ते मला पाठ आहे. तरी घेते. देवबापाची शपथ, माझ्या दोन्ही दुखऱ्या गुडघ्यांची शपथ, आणि डॉक्टरने बंद केलेल्या साखरेची शपथ. एक अक्षर खोटं निघालं तर येत्या नाताळला मला एक करंजीसुद्धा देऊ नका.

तर यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका कन्नड चर्चचा वरचा हॉल आहे. खालची कन्नड मंडळी उपासना आटपून घरी जेवायला गेली की दुपारी तीन वाजता वर आपली मराठी मंडळी जमते. तीस-पस्तीस माणसं. कोणी नगरचं, कोणी सोलापूरचं, कोणी पुण्याहून कंपनीत कामाला आलेलं. त्यांच्यात एक पुरुषोत्तमराव. नगरला शाळेत हेडक्लार्क होते. रिटायर झाले, बायको वारली, म्हणून मारतहळ्ळीला लेकीकडे येऊन राहिले.

माणूस इतका नम्र की बघत राहावं. नेहमी शेवटच्या बाकावर बसायचे, दाराजवळ, जिथे सगळ्यांच्या चपला असतात तिथे. आणि बसल्यावर मान किंचित वर करून बघायचे, आपण मागे बसलोय हे कोणी पाहिलं का. पाळकसाहेब म्हणाले, "पुरुषोत्तमभाऊ, पुढे या ना," की हात जोडून म्हणायचे, "नको नको, मी इथेच बरा." पाळकसाहेब एखाद्या रविवारी म्हणायला विसरले, तर घरी जाईपर्यंत तोंड उतरलेलं.

आता या मंडळीत एक रीत आहे. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि सांगायचं, मी कसा होतो, काय पाप केलं, आणि प्रभूने मला त्यातून कसं ओढून काढलं. यात एकच राजा होता, चंद्रकांत वेल्डर. एके काळी भयंकर दारू प्यायचा. त्याची साक्ष पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो एक रात्र गटारात पडला होता. पुढच्या वर्षी दोन रात्री झाल्या. मग तीन रात्री, वर पाऊस, आणि एक काळं कुत्रं येऊन त्याचं तोंड चाटून गेलं, आणि त्या कुत्र्याच्या डोळ्यांत त्याला आपल्या आईचे डोळे दिसले. बायका पदर डोळ्याला लावायच्या. नंतर चहाचा पहिला कप चंद्रकांतला.

पुरुषोत्तमराव काय सांगणार? तंबाखू नाही, विडी नाही, ऑफिसची पेन्सिल घरी नेली नाही. एकदा उभे राहिले आणि म्हणाले, लहानपणी मी शेजारच्यांच्या चिंचा पाडल्या. दुसऱ्या बाकावरच्या सुलभाबाईंनी इतकी मोठी जांभई दिली की जबडा वाजलेला ऐकू आला.

तेव्हापासून त्यांच्या मनात किडा शिरला. दारूचा मोह नाही, बाईचा नाही. मोह कसला, तर मोठा पापी असण्याचा! आपणही असं काही सांगावं की हॉल गप्प व्हावा, आणि मग आपण मान खाली घालून मागे जाऊन बसावं. महिनाभर विचार केला. मारामारी? अंगकाठी बघून कोणी विश्वास ठेवला नसता. पाकीटमारी? फारच बारीक. पाप कसं वजनदार पाहिजे. शेवटी बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून त्यांनी ते बसवलं. लेकीने, श्वेताने, बाहेरून विचारलं, "पप्पा, कोणाशी बोलताय?" तर म्हणाले, "प्रार्थना करतोय."

तिसरा रविवार आला. चंद्रकांत बोलून बसला, कुत्र्यासकट. पुरुषोत्तमराव उठले.

"बंधुभगिनींनो, चाळीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. मी तरुणपणी रेल्वेच्या परीक्षेला इथे बंगळूरला आलो होतो. नापास झालो. खिशात परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत. याच यशवंतपूर स्टेशनवर एक बाई शिलाई मशीन घेऊन बसली होती. लाकडी पेटीतलं, काळं. ती नळावर पाणी प्यायला गेली, आणि मी..." इथे त्यांनी आवाज कापरा केला. आरशासमोर कापरा केला होता तसाच. "मी ते उचललं. तिच्या पोटावर पाय दिला मी. ती बाई आज कुठे असेल? भेटली तर तिच्या पाया पडून क्षमा मागेन."

हॉल गप्प. सुलभाबाईंचा पदर डोळ्याला. चंद्रकांतचं तोंड उघडं. पुरुषोत्तमरावांना आतून असं गोड वाटलं, जसं उपासाच्या दिवशी चोरून गूळ खाल्ल्यावर वाटतं.

आणि तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "अण्णा, ते मशीन माझं होतं."

अंबुबाई उठली होती. सत्तरीच्या पुढची बाई, सात पिढ्या बंगळुरात काढलेल्या मराठी घरातली, लग्न करून ख्रिस्ती घरात आलेली. नवरा तरुणपणीच गेला. शिवणकाम करून पोरं वाढवली. वाकडी म्हातारी, कोणाशी फार बोलणं नाही. तिच्याबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. उपासनेच्या शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात ना, त्यात क्षमेची ओळ आली की अंबुबाईचे ओठ मिटायचे. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, एवढंच ती गाळायची, आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायची. चाळीस वर्षं. पाळकांनी समजावलं, धाकट्या पोराने समजावलं. ती म्हणायची, "केली नाही तर केली म्हणून कशी सांगू? देवाला काय कान नाहीत?"

ती काठी टेकत पुढे आली.  पुरुषोत्तमरावांनी पळावं तर दार मागे, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. अंबुबाईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सुईने भोकं पडून पडून दगड झालेली बोटं. म्हणाली, "मी क्षमा केली. पूर्ण केली."

त्या हाताला काय होतं देव जाणे. पुरुषोत्तमराव सांगायचे, की डोक्यापासून टाचांपर्यंत काहीतरी उतरत गेलं, उन्हाळ्यात माठातलं पाणी उतरावं तसं. जे पाप केलंच नाही त्याची क्षमा होती ती, पण खोटी नव्हती. ती खरी होती. खोटे तिथे एकटे तेच होते.

मग पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा अंबुबाईचा आवाज त्या ओळीवर आला, चिरका, मोठा, सगळ्यांच्या वर. लोक म्हणता म्हणता थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले.  त्या दिवशी ती ओळ पुरुषोत्तमरावांनी गाळली.

खाली आल्यावर चंद्रकांतने गळ्याला मिठी मारली. "भाऊ, तू तर माझ्याही पुढचा निघालास रे!" आवाजात थोडं जळकं होतंच. चहाचा पहिला कप पुरुषोत्तमरावांच्या हातात आला. तो त्यांनी न पिताच पायरीवर ठेवला.

आठ दिवस नीट जेवण नाही. शेवटी श्वेताने टीव्ही बंद केला आणि समोर बसली. त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी हसत सुटली. "पप्पा, तुम्ही? मशीन? तुम्हाला गॅसचं सिलिंडर सरकवता येत नाही!" मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. "मग सांगून टाका ना त्यांना. सिंपल आहे."

"कसं सांगू? ती बाई चाळीस वर्षांनी मोकळी झाली गं. मी म्हटलं की मी चोर नव्हेच, तर तिची क्षमा जाणार कुठे? परत तिच्या उरावर बसणार. आणि नाही सांगितलं तर मी देवाच्या घरात उभं राहून चोरी केली. तीही मशीनची नाही, तिच्या क्षमेची."

 श्वेताने त्यांच्या हातात बसचा पास ठेवला.

मारतहळ्ळीहून यशवंतपूर म्हणजे दोन बस आणि दीड तासाचं ट्रॅफिक. वाटेत पुरुषोत्तमराव चारदा उतरायला उठले आणि चारदा परत बसले. अंबुबाईचं घर बाजाराला लागूनच. बाहेर लॉऱ्यांतून कांद्याची पोती उतरत होती, हमाल कन्नडमध्ये ओरडत होते, आणि आत एक खोली, एक खाट, एक मशीन.

"या अण्णा. स्वल्प, जरा बसा," अंबुबाई म्हणाली, आणि कपाटातून एक पांढरा शर्ट काढून त्यांच्या पुढे ठेवला. "तुमच्यासाठी शिवला. माप नाही घेतलं, डोळ्यानेच बघितलं होतं. घालून बघा."

आपल्या चोराला शर्ट! पुरुषोत्तमराव खाली जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. "अक्का, मी चोर नाही. मी ते मशीन कधी पाहिलंसुद्धा नाही. सगळं बनवून सांगितलं. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून."

अंबुबाईने चष्मा पुसला. "सरी, बरं. माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"माझं मशीन स्टेशनवरून नाही, घरातूनच गेलं. जावेने नेलं. पुढच्या महिन्यात तिच्या घरी गेले, तर पलंगाखाली चादर टाकून ठेवलेलं. चाक बाहेर दिसत होतं त्याचं. ती काही बोलली नाही, मी काही बोलले नाही. चहा पिऊन आले. ती मेली गेल्या साली, एका शब्दाने क्षमा न मागता."

"मग त्या दिवशी तुम्ही उठलात कशाला?"

"चाळीस वर्षं मी वाट बघत होते, कोणीतरी म्हणावं, अंबू, माझं चुकलं. कोणी म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात. खोटं का असेना, पण तुम्ही मागितली, आणि माझ्या आत काहीतरी सुटलं, टाका उसवतो तसं. माझ्या हातात नव्हतं ते. मी उठून चालायला लागले तेव्हा मलाच आश्चर्य वाटत होतं, ही कोण बाई चाललीय म्हणून."

 बाहेर एक पोतं फुटलं आणि कांदे रस्ताभर पसरले, त्यावरून भांडण सुरू झालं, तरी दोघांनी मान वळवली नाही.

"म्हणजे आता तुम्ही सुटलात, अक्का," पुरुषोत्तमराव हळूच म्हणाले.

"कसली सुटले! रविवारी ती ओळ म्हटली. सोमवारी सकाळी जावेच्या घरावरून गेले, आणि तोंड परत कडू. मंगळवारी परत क्षमा केली. बुधवारी परत कडू. भांडी काल घासली म्हणून आज उष्टी व्हायची राहतात का? मी देवाला म्हटलं, बाबा, तू रोज राख दे, मी रोज घासते."

पुरुषोत्तमरावांनी डोळे पुसले. मग जरा घसा खाकरून, नजर चुकवत म्हणाले, "मग आता मंडळीत सांगायची काही गरज नाही, नाही का? तुम्हाला तर माहीतच होतं."

अंबुबाई अशी हसली की कवळी हलली. "बघा बघा! गाल अजून ओले आहेत, तेवढ्यात परत आलं. ते तुमचं तुम्ही बघा अण्णा. शर्ट मात्र घाला."

त्यांनी घातला. अंगावर असा बसला, जणू दहा वेळा माप घेऊन शिवलाय.

पुढच्या तिसऱ्या रविवारी तोच शर्ट घालून ते उठले. या वेळी आरशासमोर काही बसवलं नव्हतं. आवाज खरंच कापत होता. "गेल्या महिन्यात मी इथे खोटं बोललो. मी मशीन चोरलं नाही. मला चंद्रकांतभाऊंचा हेवा वाटला. मला मोठा पापी म्हणवून घ्यायचं होतं."

हॉल परत गप्प, गेल्या वेळेपेक्षाही जास्त. आणि त्या शांततेत त्यांना आपल्या आत एक आवाज ऐकू आला. वा पुरुषोत्तम, काय धीर आहे! असं सांगायला कोणाला जमलं असतं?

ते चमकले. म्हणाले, "आणि आत्ता, हे सांगताना, मला स्वतःचं कौतुक वाटतंय. तेही सांगतो."

आतला आवाज म्हणाला, व्वा, हेसुद्धा सांगितलंस!

"आता त्याचंही कौतुक वाटतंय," पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं, रडताना फुटतं तसं. "अहो, याला तळच नाही! मी खाली खाली जातोय आणि हा माझ्या आधी जाऊन बसलेला असतो. मला वाटायचं, मी चांगला माणूस, मला सांगायला पाप नाही. अहो, मला तर मोजतासुद्धा येत नाही. आणि तरी..."  हात डोक्याकडे गेला, जिथे त्या दिवशी बोटं टेकली होती. "तरी प्रभू मला सोडत नाही."

 मग सगळ्यांच्या माना हळूहळू अंबुबाईकडे वळल्या. आता हिच्या क्षमेचं काय? ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? केली ती केली. परत उचलून न्यायला ती काय मशीन आहे?"

तेव्हा चंद्रकांत उठला. कान लाल झाले होते. "एकच रात्र होती," तो म्हणाला. "गटारात. आणि कुत्रं नव्हतं." आणि धपकन बसला. कोणी हसलं नाही.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. क्षमेच्या ओळीशी आल्यावर पुरुषोत्तमरावांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. कुठेतरी एक आवाज अडखळला, दुसरीकडे एक बारीक झाला. सुलभाबाई मध्येच थांबल्या, एक श्वास घेतला आणि परत सुरू झाल्या. पुरुषोत्तमराव कान देऊन ऐकत राहिले. प्रत्येकाचं काहीतरी इथे अडकलेलं होतं. इतके दिवस चपलांजवळ बसून आपण बघत काय होतो? अंबुबाईचा आवाज त्या ओळीवर थरथरला, बुडतो की काय असं वाटलं, आणि वर आला. मागोमाग त्यांचाही आला. तीस-पस्तीस आवाज, कोणाचा वर नाही, कोणाचा खाली नाही, आणि त्या सगळ्यांना कोणीतरी ऐकतंय, याचा त्यांना असा काही धाक वाटला, आणि असा काही आनंद, की गुडघे आपोआप जमिनीला लागले. कोणी बघतंय का, हे बघायला त्यांनी मान वर केली नाही.

म्हणजे, केली. पण अर्ध्यातच आवरली.

झालं. सगळं खरं आहे म्हटलं ना... बरं, एक सोडून. तो शर्ट अंगावर नीट बसला नव्हता. काखेत घट्ट होता, आणि डावी बाही बोटभर आखूड. पण माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईलाही थोडा मान असतो की नाही? तेवढं अजून सुटत नाही बघा.