कडूबाईंच्या सहीचा शब्द

“मावशी, पासवर्ड सांगा. पाचला पोर्टल बंद व्हतंय.” ग्रामपंचायतीतल्या नीलमनं लॅपटॉप बाजेवर ठेवला.

सरपंच कडूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कालच परभणीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. डाव्यात मोतीबिंदू. समोरची नीलम नुसती सावलीसारखी दिसत होती.

“न्हाई सांगता येत.”

दारातून ग्रामसेवक दत्तराव म्हणाले, “सरपंचबाई, आज एकतीस मार्च. सही न्हाई झाली तर पाण्याच्या मोटारीचा निधी माघारी जातोय. होळीपासून वस्तीला पाणी न्हाई. बाया मला धरतील, तुमी तर डोळा झाकून बसलाव.”

“तुमीच वाचून दाखवलं व्हतं न्हवं? कायदा म्हणतो, सहीची चावी दुसऱ्याला द्यायची न्हाई.”

“कायदा खरा हाय. पण तीन गावच्या सरपंचांचे पासवर्ड हिच्या वहीत हायेत. कुणाचं काय बिघडलं?”

“मग कायदा कुणासाठी केलाय?”

दत्तरावांनी चष्मा पुसला आणि घड्याळाकडं बघितलं.

कडूबाईंची खरी अडचण वेगळीच होती. डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्ह आला त्या दिवशी नीलम म्हणाली होती, जन्मात कुणाला सांगितला नाही असा शब्द टाका. सातवी शिकलेल्या कडूबाईंजवळ असा एकच शब्द होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी महाराजांनी कानात दिलेला. नवऱ्यालाही माहीत नव्हता. नीलमनं तोंड फिरवलं होतं आणि त्यांनी एकेक अक्षर हुडकून तो दाबला होता. कीर्तनात बुवा सांगायचे, नाम चव्हाट्यावर गावं, गुरूचा मंत्र मात्र ओठाबाहेर जाऊ देऊ नये.

“साडेचार झाले, मावशी.”

कडूबाईंनी दत्तरावांना बाहेर थांबायला सांगितलं. पदर डोक्यावर घेतला. नीलमला जवळ ओढलं, महाराजांनी धरला होता तसा हात आडवा धरला आणि तिच्या कानात सांगितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

सवयीनं नीलमनं वही उघडली, मग तशीच मिटली. बटणं वाजली. “झाली सही,” ती म्हणाली. कडूबाईंचा हात मांडीवरून हललाही नव्हता.

पंधरा दिवसांनी वस्तीच्या नळाला पाणी आलं. त्या संध्याकाळी नीलम पुन्हा लॅपटॉप घेऊन आली. कडूबाई देवापुढं गोणपाटावर बसल्या होत्या. बोटातली माळ पहिल्याच मण्यावर थांबलेली.

“मावशी, जुना पासवर्ड बदलून टाकू. मी तिकडं तोंड करते.”

“पासवर्ड बदलंल गं. जपायला दुसरं काय आणू?”

नीलम तिथंच उभी राहिली. “मी विसरायला बघितलं, मावशी. आईची शपथ. पण भांडी घासताना आपोआप येतो तोंडात.”

सांगून झालेल्या मंत्राचं पुढं काय करायचं, हे महाराजांनी सांगितलं नव्हतं. आता विचारावं तर तेही राहिले नव्हते.

“मोठ्यानं म्हणू नको,” कडूबाई म्हणाल्या, आणि तिच्यासाठी गोणपाटावर थोडं सरकून बसल्या.