निळी शाई

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटून आणा म्हणणार होतो, पण मग पुढचं वाचाल कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच आणा. लहानशी खोली. एक खाट, तिच्यावर कुणी झोपत नाही म्हणून पांघरुणं घडी घालून ठेवलेली. भिंतीलगत टेबलावर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आणि टाकीत एका दगडावर प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी त्याची तोंडं, मध्ये केशरी, भोवती हिरवी झालर. सगळी उघडली की वाटावं, दगडानेच फुलं माळली आहेत.

ही खोली दादाची. दादा समुद्रापलीकडे एका इस्पितळात नर्सचं काम करायला गेला होता, दोन वर्षांसाठी. जाताना त्याने टाकी धाकट्या बहिणीच्या ताब्यात दिली. ती लहानपणी टाकीच्या काचेवर टिचक्या मारायची, म्हणून दादा तिला टिचकी म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

"मासे नसले तरी चालतील," तो म्हणाला होता. "प्रवाळ तेवढं जगव. आणि रविवारी मला दाखवत जा."

पाणी बदलणं, मीठ मोजून कालवणं, काच पुसणं, टिचकी सगळं वेळच्या वेळी करायची. अडचण आली ती दिव्याची. टाकीवरच्या ट्यूबच्या जुन्या नळ्या एकापाठोपाठ एक गेल्या आणि तशा नळ्या आता मिळत नव्हत्या. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या मावशींनी त्याऐवजी एलईडीची पट्टी दिली. तिला फिरवायची दोन बटणं होती, एक पांढऱ्या उजेडाचं, एक निळ्या. मावशींनी दोन्ही तीस टक्क्यांवर आणून दिली आणि बजावलं, "महिनाभर बटणांना हात लावायचा नाही. नवा दिवा म्हणजे नवी सून, घराला सवय होऊ दे."

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. टिचकीने मोबाइल टाकीसमोर धरला.

"कुठंय गं प्रवाळ?" दादा म्हणाला. "मला नुसती निळी शाई दिसतेय."

"अरे, हे काय समोर. केशरी दिसत नाही?"

"शाईच आहे. असू दे. तुम्ही सगळे कसे आहात?"

त्या 'असू दे'ने टिचकीला दिवसभर चैन पडलं नाही. इथली खाट, इथली खिडकी दादा कधी मागत नसे. बघायला मागायचा ते प्रवाळ तेवढंच. एकदा तो सहज बोलून गेला होता, की ही तोंडं उघडलेली पाहिली की चपला काढून घरात पाऊल टाकल्यासारखं वाटतं. आणि आता त्याला ती दिसत नव्हती. टिचकीला वाटलं, उजेड कमी पडतोय. तिच्या स्वतःच्या डोळ्यांनाही निळा उजेड अंधुकच वाटत होता. तिने दोन्ही बटणं पन्नासवर नेली. पुढच्या रविवारी सत्तर. त्याच्या पुढच्या रविवारी शंभर.

"आता दिसलं," दादा हसून म्हणाला. "केवढं उजळलंय! माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं. टिचके, तू तर मला मागे टाकलंस."

टिचकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दादाला आवडलं ते प्रवाळालाही आवडत असणार, असं समजून तिने दिवा तसाच ठेवला. दिवसाला नऊ तास.

शुक्रवारी आई टाकीशी वाकून म्हणाली, "अगं, हे उजळलंय की पांढरं पडलंय?"

टिचकीने नीट पाहिलं. केशरी रंग फिकट दुधाळ झाला होता. एवढी तोंडं, पण उघडी जेमतेम सात. बाकीची मूठ आवळल्यासारखी मिटलेली. शनिवारी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी होती.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, नुसती मान हलवली. "बस इथे. प्रवाळ झाड आहे की प्राणी?"

"प्राणी."

"त्याच्या अंगात बारीक शेवाळं राहतात, डोळ्यांना न दिसणारी. भाडेकरू म्हण. उजेड मिळाला की ती स्वयंपाक करतात आणि भाडं म्हणून मालकाला जेवायला घालतात. एकदम फार उजेड झाला की त्या स्वयंपाकाचा धूर होतो. मालक गुदमरतो आणि भाडेकरूंना बाहेर काढतो. रंग बराचसा त्यांचाच. तोही गेला."

"मग मालक खातो काय?"

"फारसं काही नाही. म्हणून तर घाई करायची."

"पण मावशी, उजेड एवढा वाटत नव्हता."

"निळा उजेड आपल्या डोळ्यांना कमीच वाटतो. शेवाळाला तोच पोटभर होतो. आणि तुझ्या मोबाइलचा डोळा आपल्याहूनही अडाणी, निळं दिसलं की भांबावतो. तू मोबाइलला दिसावं म्हणून प्रवाळाला भाजलंस, बाई."

टिचकीने हळूच विचारलं, "परत उघडतील?"

"मिटलीत, मेली नाहीत. वीस टक्क्यांवर आण. मग आठवड्याला दोन टक्के वाढव, जास्त नाही. हात शिवशिवतील, तेव्हा ते खिशात घालायचे."

टिचकीने बोटांवर हिशेब केला. दादाला दिसण्याइतका उजेड व्हायला किती रविवार लागतील ते तिला कळलं, आणि तिने बोटं मिटून घेतली. घरी येऊन मात्र आधी दिवा वीसवर आणला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आता टाकी दाखवली तर त्याला पुन्हा निळी शाईच दिसणार होती. पांढरं बटण तिच्या हाताशीच होतं. क्षणभर फिरवलं असतं तरी दादा खूश झाला असता.

"दाखव ना," दादा म्हणाला. "आठवडाभर त्याचीच वाट पाहतोय."

"दादा, मी उजेड फार वाढवला होता. तुला दिसावं म्हणून. प्रवाळ आजारी पडलंय. उघडी सातच आहेत."

दादा म्हणाला, "पांढरं पडलेलं मला दिसलं होतं गं. मी त्यालाच छान म्हटलं. इतके दिवस झालेत, मूळचा रंग विसरलो बहुतेक. आता कधी दिसेल?"

"बरेच रविवार लागतील."

"हं."

टिचकीने मोबाइल टाकीकडे वळवला नाही. तो टेबलावर उभा करून ठेवला, खुर्ची ओढली आणि नाक काचेला टेकेल इतकी जवळ बसली.

"मधे बोलू नकोस हं," ती म्हणाली. "डावीकडून पहिलं. मधलं केशरी अजून आहे, पण पिकत आलेल्या पेरूच्या आतल्या रंगासारखं फिकं. झालर हिरवी, पाण्याबरोबर डावीकडे झुकते, परत येते. दुसरं मिटलेलं आहे. तिसरं..."