पेशंटच्या खुर्चीत कोण

ज्योतिबाची चाळीस वर्षं मेंढरांमागं गेली. त्यातली निम्मी रानात आणि निम्मी गुरांच्या दवाखान्यात, असं त्याची बायको गिताबाई म्हणायची. मेंढरू मुकं. त्याला काय होतंय ते मालकानंच सांगायचं, आणि ते सांगण्यात ज्योतिबाचा हात धरणारा इनामगावच्या आसपास कुणी नव्हता. मेंढी कुठल्या पायानं लंगडते, कुठल्या वेळी खोकते, लेंडी कशी टाकते, हे तो इतकं रंगवून सांगे की डॉक्टर मेंढीकडं न बघताच इंजेक्शन भरत. गेल्या दिवाळीला कळप विकून तो शेतीवर बसला, पण सवय काही विकली गेली नाही.

त्याचा मुलगा सुरज कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत ट्रेनी होता. दोन महिन्यांनी कायम होणार होता. नेमकं तेव्हाच थर्ड शिफ्टला त्याची छाती धडधडली, हातापायांना मुंग्या आल्या, आणि आता आपण मरतो असं वाटून तो हेल्मेटसकट गेटाबाहेर पळाला. पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी कंपनीनं त्याच्या हृदयाची तपासणी करून घेतली. तिच्यात काही निघालं नाही, तेव्हा हातात कागद ठेवला. मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट दहा दिवसांत आणा, नाहीतर ट्रेनिंग तिथंच संपलं.

"मी येतो संगं," ज्योतिबा म्हणाला. "तुला सांगता यायचं न्हाई."

शिरूरच्या स्टँडमागं मनाविषयी काहीतरी लिहिलेली एक पाटी त्याला ठाऊक होती. तिथं माया मॅडम होत्या. त्यांनी दोघांना पाणी दिलं, पंखा लावला, आणि सुरजला विचारलं, काय होतंय? ज्योतिबानं खुर्ची पुढं ओढली आणि अर्धा तास सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं ऐकून घेणारं माणूस त्याला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. मग त्यांनी घाबरल्यावर श्वास कसा सावकाश सोडायचा ते शिकवलं. सुरज लाजून खाली बघत राहिला, म्हणून ज्योतिबानंच दहा वेळा करून दाखवलं.

"बरं वाटलं मॅडम. आता सुई द्या आन् सर्टिफिकेट द्या."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, मामा, मी समुपदेशक. माझं काम ऐकायचं, बोलतं करायचं, वाट शोधायला मदत करायची. सुई माझ्याकडं नाही आणि कंपनीला चालेल असं सर्टिफिकेटही नाही. त्यांनी नागसेन सरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

बाहेर आल्यावर ज्योतिबा म्हणाला, "बाई चांगली हाय. पर नुसती नाडी बघितल्यासारखं झालं, आन् ती बी बघितली न्हाई."

नागसेन सर दोन गल्ल्या पलीकडं बसायचे. ते मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या टेबलावर प्रश्नांचे छापील कागद होते आणि शाईचे डाग पडलेली कार्डं होती. ज्योतिबाला हे पसंत पडलं. सामान आहे म्हणजे दवाखाना खरा. सरांनी पहिलं कार्ड सुरजपुढं धरलं. ज्योतिबानं वाकून पाहिलं आणि लगेच निदान केलं, हे मेंढीचं काळीज आहे आणि त्यात जंत झालेत. दुसऱ्या कार्डातही जंतच निघाले, जरा वाढलेले.

मग प्रश्न. झोप लागते का? लागत न्हाई, ज्योतिबा म्हणाला. जेवण गोड लागतं का? न्हाई. पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन रमतं का? कशातच न्हाई सर. सुरजनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. वीस प्रश्न झाल्यावर सरांनी पेन खाली ठेवलं.

"आबा, ही उत्तरं कुणाची?"

"कुणाची म्हंजी? माझ्याच तोंडची की."

सरांनी कागदाच्या कोपऱ्यात 'आबा' असं लिहून ठेवलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. ते मनाची तपासणी करतात, बोलून बोलून भीतीवर उपाय करतात, आठवड्याला एक तास, असे काही महिने. पण ते गोळ्या देत नाहीत. कंपनीला हवेत ते मानसोपचारतज्ज्ञ. ते आधी सगळ्यांसारखेच डॉक्टर होतात आणि मग वर मनाचं शिक्षण घेतात. अशा एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी दौंडला येतात.

"म्हंजी तुमी तिघं," ज्योतिबानं बोटं मोजली, "एक ऐकणारी, एक तपासणारा, एक गोळ्यावाली. आमच्या गुरांच्या दवाखान्यात ह्ये सगळं एकच माणूस करतंय."

"मेंढरं तक्रार करत नाहीत ना," सर म्हणाले.

दहातले आठ दिवस गेले होते. गुरुवारी सकाळीच दोघं दौंडला पोचले. काउंटरवरच्या पोरीनं नाव विचारलं. गुरांच्या दवाखान्यात केसपेपर मालकाच्या नावाचा निघतो. ज्योतिबानं बिनदिक्कत आपलं नाव सांगितलं, वय एकसष्ट सांगितलं, आणि हाक आल्यावर आपणच आत जाऊन बसला. सुरज आपला मागं भिंतीला टेकून उभा.

बाईंनी ज्योतिबाचं ब्लडप्रेशर बघितलं, डोळे बघितले. ज्योतिबानं मनात म्हटलं, इथं आधी मालकालाच तपासतात, मोठा दवाखाना दिसतोय. त्यानं छातीची धडधड सांगितली, मुंग्या सांगितल्या, हेल्मेट घालून पळाल्याचं सांगितलं. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, या वयात तुम्हाला थर्ड शिफ्ट कोण लावतं?

मागून सुरज म्हणाला, "मॅडम, पेशंट मी हाय."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग हसू आवरून त्यांनी ज्योतिबाला बाहेर बसायला सांगितलं.

"त्याला सांगता यायचं न्हाई बाई."

"मग मी थांबेन," बाई म्हणाल्या. "त्याला कामावर परत जायचंय का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्याशिवाय सही नाही."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर ज्योतिबा हिशेब मांडू लागला. पोरगं गप्प बसलं तर सही नाही. नको म्हणालं तर कायमची नोकरी गेली. पाऊण तासात तो चारदा दाराशी गेला आणि काउंटरवरच्या पोरीनं चारदा त्याला माघारी बसवला. माया मॅडमचा श्वासही करून पाहिला. दहाच्या जागी तीस वेळा केला.

दार उघडलं तेव्हा सुरजच्या हातात सर्टिफिकेट होतं. डोळे लाल होते, पण मान वर होती. बाईंनी लिहिलं होतं, कामाला योग्य, मात्र तीन महिने दिवसपाळी. गोळ्या रोज, आठवड्याला एकदा नागसेन सर, आणि पंधरा दिवसांनी परत दौंड.

"काय सांगितलंस?" ज्योतिबानं विचारलं.

"जायचंय म्हणालो. बाकीचं माझं मी सांगितलं."

ज्योतिबानं पिशवी उचलली. तेवढ्यात बाई दाराशी आल्या. त्यांच्या हातात पहिला केसपेपर होता, ज्योतिबाच्या नावाचा. म्हणाल्या, नंबर फुकट कशाला घालवता, तुम्ही पण बसा. आत्ताच नागसेन सरांचा फोन आला होता, तुम्ही दिलेल्या त्या वीस उत्तरांबद्दल.

ज्योतिबा खुर्चीत बसला. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय होतंय? उभ्या तालुक्यातल्या मेंढरांची दुखणी तोंडपाठ असलेला माणूस टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिला. त्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. शेवटी वळून सुरजकडं बघितलं.

"तू सांग की," तो म्हणाला.

सुरजनं बाजूची खुर्ची ओढली. "मॅडम, आप्पा जेवून उठताना रोज अर्धी भाकर खिशात घालत्यात. कुत्र्यासाठी. कुत्रं तर कळपाबरोबरच गेलं."

"रोज न्हाई," ज्योतिबा म्हणाला.

"रोज."

बाईंनी लिहायला घेतलं.