शिकंज्यासमोरची गाडी

स्वतःच्या लेकीनेच आपल्या स्मरणशक्तीवर संशय घ्यावा, यापरते दुःख बापाच्या वाट्याला क्वचितच येत असेल. पुस्तकबांधणीच्या एका छोट्या दुकानाच्या मालकाच्या वाट्याला ते आले, आणि तेही गाडीच्या काचांपायी!

आपली जुनी परंतु ठाकठीक गाडी तो दुकानासमोर भिंतीकडेला उभी करी. काचा वर करी, किल्लीवरचे बटण दाबी, गाडीने ‘टुक्’ असा हुंकार दिल्यावरच किल्ली एप्रनच्या खिशात टाकून कामाला लागे. तरीही दुपारी बाहेर येऊन पाहावे, तो चारही काचा खाली! दोनदा असे घडले. तिसऱ्या खेपेस तर मागच्या सीटवर एक मांजर ऐसपैस निजलेले आढळले.

“बाबा, आता कमाल झाली,” लेक म्हणाली. “उद्या गॅस चालू ठेवाल. पुन्हा असं झालं तर किल्ली माझ्याकडे. गिऱ्हाइकांची पुस्तकं मी पोचवीन.”

“अगं, मी लावल्या होत्या काचा.”

“मग काय मांजराने उघडल्या?”

गिऱ्हाइकाच्या दारी स्वतः गाडी हाकत जाणे, हाच काय तो त्याच्या आयुष्यातला डौल होता. शिवाय लेक म्हणते तेच खरे नसेल ना, ही शंका त्याचे काळीज कुरतडू लागली होती. परंतु अखेर भयापेक्षा कुतूहलच बलवत्तर ठरले.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या धंद्याला साजेसा उपाय योजला. कागदाच्या पट्टीला खळ लावून ती अर्धी काचेवर, अर्धी दरवाजावर चिकटवली. काच लावली होती, याला आता कागद साक्षी! मग तो स्टूल टाकून उंबऱ्यातच बसला. सकाळ सरली. काचा ढिम्म! कोणी तरी पाहते आहे हे जणू त्यांनाही उमगले असावे.

परंतु काम सोडून बसल्याने पोट कसे भरणार? लेक डबा घेऊन आली, तेव्हा तिला पहाऱ्यावर बसवून तो आत शिरला. खळ लावलेली पुस्तके त्याने ती दाबून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यात रचली, शिकंज्याच्या कडेवर पोट टेकून अंगाचा सारा भार टाकला आणि दांडा आवळू लागला. कैक वर्षांची त्याची ही रीत होती.

“बाबा! अहो, खाली चालल्या काचा!”

तो धावत बाहेर आला. पट्टी फाटून तिचा अर्धा तुकडा दरवाजाला लोंबत होता.

“कोणी हात लावला?”

“चिटपाखरू नाही इथे. आपणहून गेल्या! तुम्ही आत काय करत होता?”

“शिकंजा आवळत होतो. दुसरं काय करणार?”

लेकीने डोळे बारीक केले. “काचा वर करा. आणि पुन्हा आवळा बघू.”

त्याने गाडीत बसून काचा चढवल्या, किल्ली खिशात टाकली आणि तो पुनश्च शिकंज्यावर ओणवा झाला. आता लेक दारात उभी राहून एकदा गाडीकडे, एकदा बापाकडे पाहू लागली. काचा पुन्हा उतरल्या.

“बाबा, तुमच्या पोटाखाली काय आहे?”

त्याने खिशात हात घातला. किल्ली हाती लागली, पोटाच्या उबेने कोमट झालेली. श्वास रोखून त्याने एक बटण दाबून धरले; काही घडले नाही, कारण काचा आधीच खाली होत्या. मग दुसरे दाबून धरले, तो चारही काचा संथपणे वर आल्या.

“अरेच्चा! नुसतं दाबलं तर कुलूप, आणि दाबून धरलं तर काचा!”

“म्हणजे विसरभोळे तुम्ही नाही,” लेक खो-खो हसत म्हणाली, “तुमचं पोट आगाऊ आहे!”

मग तिने हात पुढे केला. कालचा दम आठवून त्याचा चेहरा पडला. किल्ली त्याने तिच्या हातावर ठेवली. लेकीने शिकंज्यापासून लांबच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि किल्ली त्यावर अडकवली.

“काम करताना ही इथे. जाताना घेऊन जायची.”

“म्हणजे... मीच घेऊन जायची?”

“मग काय मी? ती जडशीळ पुस्तकं तुम्हीच पोचवा बाई!”

लेक गेली. खिळ्यावरची किल्ली काढून त्याने दारातूनच बटण दाबून धरले. काचा आज्ञाधारकपणे उतरल्या. गाडीशेजारच्या भिंतीवर बसलेल्या त्याच मांजराने कान टवकारले.

“या,” तो अदबीने म्हणाला, “बसून घ्या.”