माझा तिसरा पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे हं, कॅमेऱ्याचा! मला तीन पाय आहेत. दोन अगदी सरळमार्गी, तिसरा मात्र दगाबाज. माझी सगळी कहाणी त्या तिसऱ्या पायाची आहे. सांगताना मला जड जातं. पण मनात ठेवून तरी किती ठेवायचं? ऐका तर.

माझा जन्म नागपूरचा, लकडगंजमधला. ओमप्रकाश मिस्त्रींच्या दुकानात दारं, खिडक्या, पलंग असलं सामान बनायचं. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी विश्वनाथराव तिथे आले. सरकारी कचेरीतले साधे कारकून. काखेत एक जाडजूड पुस्तक होतं, सीताबर्डीच्या फूटपाथवर जुन्या ढिगात मिळालेलं. परदेशातल्या एका नामांकित छायाचित्रकाराच्या फोटोंचं ते पुस्तक. त्यात नुसते डोंगर, ढग आणि पाणी, सगळं काळं-पांढरं. माणूस औषधालाही नाही. फक्त शेवटच्या पानावर तो म्हातारा स्वतः उभा होता, लाकडी स्टँडला टेकून. एका ढगासाठी तो तीन-तीन दिवस डोंगरावर बसून राहायचा, असं खाली छापलं होतं. विश्वनाथरावांनी ते वाचलं आणि त्यांना वेडच लागलं.

"मिस्त्री, अगदी असाच पाहिजे," त्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले.

मिस्त्रींनी जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान घेतलं आणि आठ दिवस खपून मला घडवलं. माझा प्रत्येक पाय दोन तुकड्यांचा. खालचा तुकडा बाहेर सरकवायचा आणि पितळी पेच आवळला की पाय हवा तेवढा लांब होऊन घट्ट बसायचा. निघताना मिस्त्रींनी बजावलं, "साहेब, पेच कधी ढिला झाला तं घेऊन येजा. आध्या घंट्याचं काम हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. विश्वनाथरावांनी ठेवलं नाही.

मग आमच्या रामटेकच्या वाऱ्या सुरू झाल्या. सुट्टीच्या शनिवारी एसटीनं निघायचं, गडाच्या पायऱ्या चढायच्या आणि मंदिरापासून थोडं दूर एका सपाट खडकावर मला उभं करायचं. समोर खाली धानाची शेतं आणि त्यापलीकडे खिंडसी तलावाचं पाणी. संध्याकाळी पाठीमागचा सूर्य ढगाखालून निसटावा आणि ते सगळं एकदम उजळावं, असा एक फोटो विश्वनाथरावांना हवा होता. पुस्तकातल्या म्हाताऱ्यासारखा. त्यासाठी ते तासन् तास थांबायचे. उजेड आला तर ढग नसायचे आणि ढग आले तर उजेड नसायचा!

सुहासिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, नेहमी सोबत असायच्या. डब्यात पोळ्या, थर्मासमध्ये चहा आणि पायऱ्यांवर अर्ध्या वाटेपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर. खरं सांगतो, विश्वनाथरावांपेक्षा त्यांनीच मला जास्त वाहिलं.

सहा-सात वर्षांनी माझ्या तिसऱ्या पायाच्या पेचाचे आटे झिजले. वारा आला की पाय आत सरकायचा आणि मी कलंडायचो. एकदा कॅमेरा पडता पडता सुहासिनीबाईंनी तो पाय पकडला. त्या दिवसापासून ते त्यांचंच काम झालं. विश्वनाथराव कॅमेऱ्याला डोळा लावायचे आणि तसेच ओरडायचे, "सुहास, पाय धर गं!" की त्या पदर खोचून माझ्याजवळ उकिडव्या बसायच्या.

"लग्नात तुमच्या पाया पडले, आता स्टँडचे पाय धरून राहिले," त्या हसून म्हणायच्या. "लकडगंजला एकदा नेऊन आणा की हो याला."

"नेऊ की. तू आहेस ना तोवर."

आणि एक मागणं त्या दर खेपेला करायच्या. "अहो, माझा एक काढा ना. याच खडकावर. मागे तलाव येऊ द्या." विश्वनाथरावांचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी. आता उजेड चालला." शिवाय पाय कोण धरणार? त्या समोर गेल्या की मी कलंडणार. माझ्यामुळे त्या कधी समोर जाऊच शकल्या नाहीत.

पायऱ्यांवर उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या रंभाबाईला हे सगळं दिसायचं. ती फटकळ. एकदा तिनं तोंडावरच विचारलं, "काहून जी साहेब, एवढा मोठा कॅमेरा अन् घरच्या बाईचा एक फोटो नाही? तू तरी काहून नाही भांडत वं बाई त्याइले?"

"भांडून काढलेल्या फोटोत तोंड कसं येईल, रंभाबाई?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

विश्वनाथरावांना ते लागलं असावं. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, ते घरी म्हणाले, "सुहास, या रोलमधले पस्तीस माझे. शेवटचा छत्तिसावा तुझा."

काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी बाई किती नटल्या होत्या! जांभळी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. गडाखाली रंभाबाईनं त्यांची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. खडकावर पोहोचलो, पस्तीस फोटो झाले. विश्वनाथरावांनी मला नीट रोवलं, तिसऱ्या पायाखाली दगड लावला आणि म्हणाले, "जा, उभी राहा."

त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेली बाई, ती काय करणार!

तेवढ्यात वारा सुटला. दगड हलला, माझा पाय सरकला आणि मी कलंडलो. "अगं बाई!" म्हणत त्या धावत आल्या आणि त्यांनी मला धरलं. नेमका त्याच क्षणी मागे सूर्य ढगाखालून बाहेर पडला. धान पिवळंधमक झालं, खिंडसीचं पाणी लखलखलं आणि वर काळेभोर ढग. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो उजेड समोर होता, आणि रोलमध्ये फोटो उरला होता एकच.

विश्वनाथरावांनी खाली बायकोकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मला त्या वेळी वाटलं, आपण मोडून पडावं. पण पाय भक्कम धरलेला होता.

त्यांनी बटण दाबलं.

"मिळाला का हो?" बाईंनी खालूनच विचारलं.

"मिळाला."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि गुडघे चोळत उठल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी गजरा काढून डब्यात ठेवला.

फोटो धुऊन आला तेव्हा खाली, खडकावर, सावल्या पडलेल्या दिसल्या. पुस्तकातल्या फोटोंत असलं काही नसायचं. विश्वनाथरावांनी खालचा दोन बोटं भाग कापून टाकला आणि वरचा मोठा करून घेतला. शहरातल्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. लोक म्हणाले, वा, काय संयम आहे! माझंही कौतुक झालं. दिवाणखान्यात त्या फोटोखाली मला दिमाखात उभं केलं.

पुढच्याच फाल्गुनात सुहासिनीबाई गेल्या. सकाळी चहा ठेवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. अमरावतीला दिलेली लेक मुग्धा कपाटं धुंडाळू लागली. इतक्या वर्षांची पाकिटं निघाली. ढग निघाले, डोंगर निघाले, एकेक झाड निघालं. आई नाही. मोबाइलवर लग्नकार्यातले फोटो होते, पण कुठे डोळे मिटलेले, कुठे कुणाच्या खांद्याआडून अर्धा चेहरा. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. त्यात त्या कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसत होत्या. त्या कधी कुणावर रागावल्या नव्हत्या हो!

त्या दिवशी विश्वनाथरावांनी बक्षिसाचा फोटो उतरवला आणि मला उचलून कपाटामागे टाकलं. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. दोन पावसाळे मी तिथे ओल खात पडून होतो. जाळी धरली, पितळ हिरवं पडलं. मी तक्रार केली नाही. गुन्ह्यात मीही सामील होतो.

गेल्या महिन्यात मुग्धा आली. आवराआवर करताना बक्षिसाच्या फोटोचं पाकीट तिच्या हाती लागलं. तिनं सहज त्यातली निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली. कापलेला भाग निगेटिव्हमध्ये कुठे जातो? तो जसाच्या तसा होता.

"बाबा, इकडे या," तिचा आवाज बदलला. "ही आई आहे."

विश्वनाथराव चष्मा पुसत आले. खडकावर तिघांच्या लांब सावल्या होत्या. एक सरळ उभी, त्यांची. एक तीन पायांची, माझी. आणि माझ्या पायाशी वाकलेली, पदर वाऱ्यावर उडालेला, माझा पाय घट्ट धरलेली, अशी एक. निगेटिव्हमध्ये काळं ते उजळ दिसतं, मित्रांनो. तिघांत तीच आधी नजरेत भरली.

"मी हिलाच कापलं," एवढंच ते म्हणाले. मग खाली बसून त्यांनी मला कपाटामागून ओढून काढलं. तिसऱ्या पायावर, पेचाच्या जरा वर, लाकूड एका जागी काळपट गुळगुळीत झालंय. सुहासिनीबाईंच्या मुठीनं. त्या जागेवर हात ठेवून ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन लकडगंजला गेले. ओमप्रकाश मिस्त्री आता थकलेत. त्यांनी जुना पेच काढला, नवा बसवला, पाय ओढून पाहिला. घड्याळाकडे बघत म्हणाले, "पाहा साहेब, आध्या घंट्याचं काम होतं."

विश्वनाथरावांनी मान हलवली. मग त्यांनी मला खांद्यावर घेतलं.

आता दिवाणखान्यात तो फोटो पुन्हा लागलाय, न कापलेला. हार त्यालाच घालतात. मी त्याच्याखाली उभा असतो, तिन्ही पायांवर, कुणी न धरता. पण धरणारी असती तर, असं रोज वाटतं.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरातही एखादा पेच ढिला असेल आणि कुणीतरी तो मुकाट्यानं हातानं धरून बसलं असेल. तो पेच आज बसवून घ्या. आणि त्या माणसाला म्हणा, "सोड आता, समोर ये."